परक्या देवळातला पाहुणा



जावा बेटाच्या पूर्वेला बाली नावाचे बेट आहे. देश इंडोनेशिया; पण या बेटावरचे बहुसंख्य लोक हिंदू. तेथे उबुडजवळच्या एका खेड्यात मी उतरलो होतो, आणि दुसऱ्याच दिवशी गावच्या देवळाचा ओडालान होता. ओडालान म्हणजे देवळाचा वर्धापनदिन. आपल्या जत्रेसारखाच म्हणा ना. मात्र बहुतेक देवळांत तो दर २१० दिवसांनी येतो, कारण त्यांच्या एका पंचांगाचे वर्ष सात दिवसांच्या तीस आठवड्यांचे असते. शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. त्यांचे दुसरे पंचांग शकाचे आहे. आपण शालिवाहन शक म्हणतो, तोच तो शक.

देवळाचे दार मोठे गमतीचे. कोरीव गोपुर मधोमध चिरून दोन्ही भाग बाजूला सरकवावेत, तसे. मी आत शिरणार, तोच एका म्हाताऱ्याने हात आडवा केला. माझ्या अंगात विजार होती आणि कमरेला शेला नव्हता. मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "मी भारतातून आलोय. मी हिंदूच आहे."

म्हातारा नुसता हसला. शेजारी गावचे शाळामास्तर उभे होते, त्यांना इंग्रजी येत होते. ते म्हणाले, "हिंदू आहात? मग तर बांधायलाच हवा."

मंडळी, मी काय बोलणार? म्हाताऱ्याने कुठूनसे लुंगीसारखे वस्त्र आणले, मला नेसवले आणि लहान मुलाला बांधावा तसा शेला कमरेला बांधला. "मनातले नको ते विचार इथे बांधून ठेवायचे," असा त्याचा अर्थ मास्तरांनी सांगितला.

आत बायका डोक्यावर फळांचे आणि पक्वान्नांचे उंचच उंच मनोरे घेऊन येत होत्या. काशाची वाद्ये घुमत होती. त्या ताफ्याला गामेलान म्हणतात. मी मात्र मूर्ती शोधीत होतो. समोर उंच दगडी आसने, आणि त्यांवर कोणीच नाही! मी हळूच विचारले, "देव कुठे आहेत?"

मास्तर म्हणाले, "आज खाली आले आहेत. आसने त्यांचीच."

नैवेद्यात भाजलेले डुक्कर पाहून मी दचकलो. हे कसले देऊळ, असे मनात आले. मग आपल्याकडची म्हसोबाची जत्रा आठवली, आणि मी गप्प बसलो.

माझ्या शेजारी एक युरोपियन बाई बसली होती. पुजाऱ्यापेक्षा उंच जागी उभे राहायचे नाही, पूजेला बसलेल्यांच्या पुढून जायचे नाही, हे तिने विचारून घेतले होते. तिला काहीच ठाऊक नव्हते, म्हणून ती प्रत्येक गोष्ट बघून करीत होती. मला सगळे ठाऊक आहे असे वाटत होते, म्हणून मी चुकत होतो. शेवटी मीही तिच्यासारखाच इतरांकडे बघू लागलो. बोटांच्या टोकांत फूल धरून हात कपाळाच्या वर न्यायचे; कधी फुलासह, कधी रिकामे, असे पाच वेळा. मग पुजारी आला. त्याने पाणी शिंपडले, ओंजळीत तीन वेळा घातले, ते मी प्यालो. भिजलेले तांदूळ कपाळाला लावायला दिले. "याला काय म्हणता?" मी पाण्याविषयी विचारले. मास्तर म्हणाले, "तीर्त."

तीर्थ! हा शब्द मला दारातल्या तोऱ्याने मिळाला नव्हता. खाली बसलो, तेव्हा मिळाला.

श्रोते हो, आता आपल्या गावाकडे या. वारीत, जत्रेत कॅमेरा गळ्यात अडकवलेला एखादा परदेशी पाहुणा आपल्यालाही दिसतो. तो चपला घालून पुढे जातो, नको तिथे उभा राहतो. आपण ओरडतो, नाहीतर पोरे त्याच्यामागे हसत फिरतात. त्याऐवजी कोणी पुढे होऊन सांगावे, "बाबा, चपला इथे काढ, इथे माझ्याजवळ बस." रीत मोडू द्यायची नाही, आणि माणसालाही परत धाडायचे नाही. त्या म्हाताऱ्याने एका शेल्यात दोन्ही साधले होते. आपल्याला का साधू नये?