सेम टू सेम वाजवण्यापेक्षा: रॉक मशीनचा १९८८चा अल्बम

सोलापुरातून बोलतोय. मागे पंख्याचा आवाज येतोय, तो चालवून घ्या. बंद केला तर या उन्हाळ्यात एपिसोड काय पूर्ण व्हायचा नाही.

आजचा विषय एक अल्बम. नाव 'रॉक अँड रोल रेनेगेड', साल १९८८, बँड मुंबईचा रॉक मशीन. तेव्हा तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा जन्म झाला नव्हता. माझाही नव्हता.

आधी तेव्हाचा माहोल बघा. एमटीव्ही आपल्याकडे यायला अजून तीन वर्षं होती. इंटरनेटचं तर नावच नको. परदेशातून कुणाचा तरी काका कॅसेट आणणार आणि तिच्यावरून दहा जण कॉपी करून घेणार. कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये बँड भारी की फालतू, हे कशावर ठरायचं? डीप पर्पल किंवा लेड झेपेलिनचं गाणं तो किती हुबेहूब वाजवतो, त्यावर. रॉक मशीन १९८४ मध्ये सुरू झाला तो याच हवेत, आणि तेही आधी कव्हरच वाजवायचे.

आपल्याला हे काही नवीन नाही. गणपतीतला ऑर्केस्ट्रा आठवा. 'सेम टू सेम किशोर!' यापेक्षा मोठी दाद नसते.

मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. दुसऱ्याचा कोड उचलला तर तो चालणार याची खात्री असते, कारण तो कुठंतरी आधी चाललेला असतो. स्वतः लिहिलेला कोड पडला की बोट दाखवायला कुणी नसतं. गाण्याचंही तसंच. कव्हर वाजवलं की पब्लिक पहिल्या सुरालाच ओरडतं. स्वतःचं गाणं वाजवलं की आधी शांतता येते. ती शांतता झेलावी लागते.

रॉक मशीननं ती झेलली. उदय बेनेगल, महेश तिनईकर, मार्क सेल्विन, झुबिन बालापोरिया आणि मंडळींनी स्वतःची गाणी घेऊन अल्बम काढला. त्यातलं 'टॉप ऑफ द रॉक' आधी ऐका. भारतातला हा पहिलाच रॉक अल्बम नाही बरं का. मुंबईच्याच ॲटॉमिक फॉरेस्टचा 'ऑब्सेशन' १९८१ मध्ये आला होता, पण त्यात बरीचशी गाणी दुसऱ्यांची होती.

आता खरं सांगू? आज ऐकलं तर 'रेनेगेड' अमेरिकन वाटतो. गाणी इंग्रजीत, गिटारचा बाज ऐंशीच्या दशकातल्या हार्ड रॉकचा. गाणी स्वतःची झाली, आवाज अजून उसना होता. पण पुढचा प्रवास बघा. १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग', १९९३ मध्ये नावच बदलून इंडस क्रीड, आणि १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम, ज्यात आपल्या मातीतले सूरही मिसळू लागले. स्वतःच्या आवाजाच्या दिशेनं सरकायला सात वर्षं लागली. १९८८ला 'आधी आपला आवाज सापडू दे, मग रेकॉर्ड करू' म्हणत बसले असते तर १९९५ उजाडलंच नसतं.

पुढच्यांना यातून काय मिळालं? परवानगी. आपलं गाणंही स्टेजवर चालतं, हा पुरावा. १९९६ मध्ये पेंटाग्रामचा 'वी आर नॉट लिसनिंग' आला. गायक विशाल ददलानी. हो, 'पठान'च्या गाण्यांचं संगीत देणाऱ्या विशाल-शेखरमधला तोच विशाल.

हे सगळं आज का सांगतोय? माझा एक मित्र इथंच लग्नांत, हॉटेलांत गिटार वाजवतो. फर्माईश तीच, दर आठवड्याला तीच दहा गाणी. त्याच्या फोनमध्ये मात्र त्याची स्वतःची गाणी पडून आहेत. आपल्या सोलापुरी मराठीत, मधूनच कन्नड, मधूनच तेलगू, आपण घरी बोलतो तशी. त्याला म्हटलं, टाक की कुठंतरी. तर म्हणतो, 'अजून प्रोफेशनल वाटत नाही रे.'

लेका, १९८८ला त्यांना स्टुडिओ लागला, कॅसेट छापावी लागली, दुकानात पोचवावी लागली. तुझ्या खिशात ते सगळं आहे. पुढच्या कार्यक्रमात नऊ गाणी त्यांची वाजव, दहावं तुझं. शांतता झालीच, तर मी पहिल्या रांगेत आहे, ओरडायला.

तुमच्याही फोनमध्ये असं एखादं गाणं पडून असेल तर पाठवा. पुढचा भाग त्याच गाण्यांवर करू. चला, भेटू!