ठेका पन्नासचा
(गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आत्ताच आरती झाली. टाळ्यांना ठेका कुणी धरून दिला नाही, तरी दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळे एका तालात आले. प्रत्येकानं शेजारच्याचं ऐकून आपला हात सावरून घेतला, एवढंच. आम्ही वीज खात्यातली माणसं. आमचं देशभराचं जाळं याच युक्तीवर चालतं.

आपल्या विजेचा ठेका सेकंदाला ५० आवर्तनांचा. विंध्याचलचं कोळशावरचं जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेतं, कोयनेचं पाण्यावरचं त्याहून बरंच सावकाश फिरतं. ठेका मात्र दोघांचा एकच. नवं जनित्र जोडताना व्होल्टेज, आवर्तनं, फेजचा क्रम आणि कोन, चारही जुळवावे लागतात. चुकीच्या क्षणी जोडलं तर यंत्राचा दांडा पिळवटतो.

पुढची गंमत ऐका. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की सगळी जनित्रं किंचित मंदावतात. ते मंदावणं हाच निरोप. प्रत्येक यंत्राचा गव्हर्नर आपल्या वाट्यापुरती वाफ किंवा पाणी वाढवतो. पहिल्या काही सेकंदांत कुणाचा फोन नाही, हुकूम नाही. नियंत्रण कक्षाचं काम त्यानंतरचं.

हे बिनसतं कधी? २०१२ चा जुलै आठवा. काही वाहिन्या बंद होत्या आणि उत्तरेतली काही राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. सगळा ताण आपल्या बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही वाहिनीवर आला. वाहिनीत बिघाड नव्हता. भारच इतका, की रिलेला तो बिघाड वाटला. ३० जुलैला पहाटे अडीचच्या सुमारास वाहिनी तुटली, उत्तरेचा ठेका सुटला आणि एकामागून एक केंद्रं बंद पडली. ३१ तारखेला पुन्हा तेच. या वेळी पूर्व आणि ईशान्य भारतही अंधारात गेला. सुमारे ६० कोटी लोकांना झळ बसली.

दक्षिणेचं जाळं वाचलं, कारण ते तेव्हा वेगळ्या ठेक्यावर होतं. मग वेगळं राहणंच बरं का? तसं नाही. वेगळं राहिलं की अडीअडचणीला मदतही मोजूनमापूनच मिळते. म्हणून ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर ७६५ केव्ही वाहिनीनं दक्षिणही त्याच ठेक्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरात राहून घरात मराठी जपणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

शेवटी एक विनंती. मंडपासाठी रीतसर तात्पुरती जोडणी घ्या, मंजूर भाराइतकेच दिवे लावा, तारेवर आकडा टाकू नका. आपल्या रोहित्रावर शेजारची गल्लीही असते. तिथेही कुणाचं तान्हं बाळ पंख्याखाली झोपलेलं असतं.

गणपती बाप्पा मोरया!