रक्तातील दाहाचे आकडे आणि आतड्याची शस्त्रक्रिया



मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया पार पडली की ‘गाठ निघाली, आता घरी केव्हा सोडणार?’ असे आप्तेष्ट विचारतात. शल्यचिकित्सकाची खरी चिंता मात्र तेथून सुरू होते. रोगग्रस्त भाग काढून आतड्याची दोन टोके जोडलेली असतात. तो सांधा गळू लागला तर मळ पोटात पसरतो आणि जिवावर बेतते. ताप, पोटफुगी ही लक्षणे स्पष्ट होईपर्यंत बहुमोल वेळ गेलेला असतो.

येथे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सी.आर.पी., ही साधी रक्ततपासणी साह्याला येते. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात या प्रथिनाचा शोध लागला. दाह निर्माण झाला की यकृत ते तयार करते. शस्त्रक्रिया हाही आघातच. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकडा चढणारच. पुढे तो उतरला पाहिजे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात तिसऱ्या दिवशी १७२, चौथ्या दिवशी १२४ आणि पाचव्या दिवशी १४४ मिलिग्रॅम प्रतिलिटर अशा मर्यादा मिळाल्या. आकडा त्याखाली असल्यास गळती नसण्याची शक्यता सुमारे ९७ टक्के. रुग्णाला निर्धास्तपणे घरी पाठविण्यास हा मोठाच आधार आहे. (काही प्रयोगशाळा हे प्रमाण डेसिलिटरमध्ये देतात, तेथील १५ म्हणजे येथील १५०. दूरध्वनीवर आकडे सांगताना हा घोटाळा हमखास होतो.)

उलट बाजू तितकी भक्कम नाही. आकडा वर असलेल्या बहुतेकांना गळती नसते. छातीतील वा जखमेतील जंतुसंसर्गानेही तो वाढतो. आपल्या दर्शनाच्या भाषेत हा केवळ एक ‘नय’ आहे. नाडी, पोटाची तपासणी आणि गरजेनुसार सी.टी. स्कॅन यांवाचून निर्णय होत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीचे आकडेही बोलके असतात. ग्लासगो येथील संशोधकांच्या मापनपद्धतीत सी.आर.पी. १० मिलिग्रॅमच्या वर आणि अल्ब्युमिन लिटरमागे ३५ ग्रॅमच्या खाली, अशी दोन्ही लक्षणे असलेल्यांचे आयुर्मान सरासरीने कमी आढळते. सरासरी म्हणजे त्या एका रुग्णाचे भविष्य नव्हे. अल्ब्युमिन दाहामुळेही घटते, त्यामुळे केवळ दूध-डाळ वाढवून ते चढेलच असे नाही. तरीही पोषण सांभाळावेच लागते. म्हणून शस्त्रक्रिया ठरली असताना अठ्ठाईसारखी तपस्या मनात असेल, तर ती डॉक्टरांपासून लपवू नये. महाराजसाहेबांनाही आजाराची पूर्ण कल्पना द्यावी.

घरी गेल्यावर ताप, वाढती पोटदुखी, पोटफुगी किंवा धाप जाणवल्यास पुढील तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात यावे.