चाळिशीआधीच पाळी थांबते तेव्हा

तिशीतच पाळी चुकू लागली, अंगातून गरम वाफा येऊ लागल्या, की घरात "फार टेन्शन घेतेस" म्हणून विषय मिटवला जातो. तो तसा मिटवू नका. चाळिशीआधी अंडाशयाचं काम मंदावणं शंभरात साधारण एका स्त्रीच्या वाट्याला येतं, आणि त्याचं मूळ कधीकधी जनुकात असतं.

एक्स गुणसूत्रावरचं एफएमआर-१ हे जनुक १९९१ साली सापडलं. त्यात सी-जी-जी ही तीन अक्षरं लागोपाठ येतात, बहुतेकांत तीसेक वेळा. हीच संख्या ५५ ते २०० असेल, तर अशा सुमारे २० टक्के स्त्रियांची अंडाशयं लवकर थकतात. सर्वाधिक धोका ७० ते १०० वेळा असणाऱ्यांना. त्यापुढे तो पुन्हा कमी होतो!

आईकडून बाळाकडे जाताना ही साखळी लांबू शकते. २०० च्या वर गेली, तर बाळाच्या, विशेषतः मुलग्याच्या, बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. रक्ताच्या तपासणीत हे कळतं. ५५ ते २०० वेळांची साखळी मुलीकडे वडिलांकडूनही येऊ शकते. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना आई-मावशीबरोबर आत्यालाही विचारून जा, पाळी कितव्या वर्षी थांबली ते.