गोळीच्या आधी ताट

आहारतज्ज्ञ मित्रमैत्रिणींनो,

आज मी एकाच विषयावर बोलणार आहे: जस्त, म्हणजेच झिंक.

मूळचे बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणमधील शिराझ येथे काम करत होते. तिथे त्यांच्याकडे एकवीस वर्षांचा एक रुग्ण आला. दिसायला तो जेमतेम दहा वर्षांचा होता. त्याचा आहार मुख्यतः न आंबवलेल्या गव्हाच्या रोटीचा, शिवाय माती खाण्याची सवय. गव्हात जस्त असते, पण त्यातले फायटेट ते आतड्यात धरून ठेवते आणि अंगी लागू देत नाही. माणसातील जस्ताची कमतरता हा आजार वैद्यकशास्त्राला कळला, तो प्रसादांच्या या कामातून.

प्रतिकारशक्तीशी या धातूचे नाते थेट आहे. टी-पेशी थायमस ग्रंथीत परिपक्व होतात आणि त्या ग्रंथीचे थायम्युलिन हे संप्रेरक जस्ताशिवाय काम करत नाही. शरीरात जस्ताचा मोठा साठाही नसतो. ते रोजच्या जेवणातूनच यावे लागते. जुलाब झालेल्या बालकांना ओआरएससोबत १० ते १४ दिवस झिंक द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००४ मध्ये सांगितले, ते उगाच नव्हे.

आयसीएमआर व राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला १७, तर स्त्रीला १३.२ मिलिग्रॅम जस्त लागते. तिळांचेच उदाहरण घ्या: शंभर ग्रॅम तिळांत ते सात-आठ मिलिग्रॅम असते खरे, पण शंभर ग्रॅम तीळ रोज कोण खातो? मोठ्या चमचाभर तिळांतून पाऊण मिलिग्रॅमच्या आतच मिळते. म्हणून एखाद्या पदार्थाला रामबाण ठरवणे आपण थांबवले पाहिजे. हिशेब पूर्ण ताटाचा हवा: बाजरी, हरभरा, मसूर, काजू, दूध, अंडी, आणि खाणाऱ्यांसाठी मटण. कोकणातली कालवे तर जस्ताच्या बाबतीत सर्वांत श्रीमंत.

याहून महत्त्वाची आहे ती रांधण्याची रीत. मटकी रात्रभर भिजते, ओल्या फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी तिला मोड येतात. या काळात दाण्यातले फायटेज हे विकर जागे होते आणि फायटेट तोडू लागते. जस्त मोकळे होते. आंबोळीचे पीठ किंवा आंबील आंबताना हेच घडते. शिराझच्या त्या रोटीत जे झाले नाही, ते आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. आज वेळेअभावी ते सुटत चालले आहे, याची मला खरी काळजी वाटते.

झिंकच्या गोळीला माझा विरोध नाही. जिथे कमतरता आहे, तिथे ती डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावीच. पण मनाने महिनोन्‌महिने जास्त झिंक घेतले, तर शरीरातले तांबे घटते आणि प्रतिकारशक्तीच खालावते.

जस्त धान्यातूनच वाढवता येते: राहुरीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेसोबत ‘धनशक्ती’ हा लोह व जस्त अधिक असलेला बाजरीचा वाण दिला आहे. शास्त्रज्ञांनी शेतातले काम केले. ताटापर्यंतचे काम आपले आहे.

माझी विनंती एवढीच: समोर बसलेल्या माणसाला ‘काय खाता?’ विचाराल, तेव्हा ‘भिजवता का, मोड आणता का?’ हेही विचारा, आणि उत्तर ‘नाही’ आले तर गोळी लिहिण्याआधी उसळ लिहून द्या.