बैलांची चरकी आणि रिकामे झालेले हात
(भेडाघाट येथील कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



संगमरवराच्या या गावात कापसाची गोष्ट कशाला, असे काहींना वाटेल. पण नागपूरपर्यंत रेल्वे आली १८६७ साली आणि जबलपूरहून मुंबई-कलकत्ता मार्ग जुळला १८७० साली. वऱ्हाडचा कापूस बंदराकडे धावू लागला तो याच काळात. तेव्हा विषय आपल्या दारातलाच आहे.

सरकी काढायची जुनी चरकी म्हणजे एकमेकींवर फिरणाऱ्या दोन लाटा. एका हाताने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने कापूस सारायचा. रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे पडते. १७९३ साली अमेरिकेत व्हिटनीने दातेरी जिन काढला, तो घोड्यानेही फिरत असे. १८४० मध्ये कंपनी सरकारने अमेरिकन मळेवाले आणून तो येथे चालवून पाहिला, पण आपल्या आखूड धाग्याला ते दाते मानवले नाहीत. मग डॉ. फोर्ब्स यांनी आपली चरकीच सुधारली.

तिचे आकडे मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात दिले आहेत. जुन्या चरकीवर एक पुरुष व एक स्त्री मिळून दिवसाला २८ पौंड रुई काढीत. फोर्ब्सच्या चरकीवर एक माणूस आणि एक मुलगा २५० पौंड काढीत. बैल जुंपलेल्या १६ चरक्या ७५० माणसांचे काम करीत, कापूस घालायला थोडी पोरे पुरत. आम्ही हिशेब मांडून पाहिला. २५० पौंडांप्रमाणे १६ चरक्यांचे ४००० पौंड होतात, आणि जुन्या चरकीवर तेवढ्याला सुमारे २८६ माणसे लागतील. मेळ बसत नाही. छापील आकडा आपल्या सोयीचा असला तरी तपासून घ्यावा! पण २८६ धरली तरी बाकीच्यांनी जायचे कोठे, हा प्रश्न उरतोच.

बैलांच्या जागी वाफ आली, जिन-प्रेस उभे राहिले. १८८१ चा कारखाना कायदा १०० कामगारांच्या आणि वर्षात चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता. हंगामी जिन त्यातून सुटले. खानदेशात बाया पहाटेपासून रात्रीपर्यंत जिनात राबत. हंगामी कारखाने कायद्याखाली आले ते १९११ मध्ये, म्हणजे ३० वर्षांनी.

२०२० च्या संहितेने विजेवरच्या कारखान्याची मर्यादा १० वरून २० कामगारांवर नेली आहे. लहान जिन पुन्हा सुटतील. म्हणून परत गेल्यावर प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातील जिनांची यादी करावी. हंगामात किती माणसे, त्यांत बाया किती, हजेरीपुस्तकावर किती आणि बाहेर किती, एवढे लिहून दिवाळीआधी कचेरीत पोहोचवावे.