श्रमिकांचे मन आणि सार्वजनिक आरोग्यव्यवस्था
(हिंदूराव, दिल्ली येथील भाषणाचा मजकूर)



येथील महापालिका रुग्णालयाला कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूरावांचे नाव आहे. जेथे एके काळी सरदाराची कोठी होती, तेथे आज कष्टकरी रुग्ण रांगेत उभे राहतात. कष्टकऱ्याच्या मनाचे दुखणे बहुधा अंगदुखी, निद्रानाश, छातीतील धडधड अशा रूपाने दवाखान्यात येते. त्यावर गोळी मिळते. मागचे कर्ज, सुटलेले काम मात्र कोणी विचारीत नाही.

२०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्यांची सरकारी नोंद झाली. त्यांत ४२,००४ रोजंदार मजूर होते. म्हणजे चौघांमागे एक!

या प्रश्नाबाबत दोन चुकीच्या समजुती आहेत. पोटाचा प्रश्न सुटला की मन आपोआप ताळ्यावर येईल, ही एक. धीराचे चार शब्द ऐकवले की थकलेल्या मजुरीचा विसर पडेल, ही दुसरी. समुपदेशन हे मजुरीला पर्याय नव्हे. परंतु खचलेला मनुष्य हक्कासाठी उभाही राहू शकत नाही.

गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतील अनुभव येथे मोलाचा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकी केल्या. तीन महिन्यांनी त्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. म्हणजे साधने नाहीत, ही सबब टिकत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा हक्क मानला आहे. तो प्रत्यक्षात यावयाचा तर समुपदेशन विनामूल्य, वस्तीजवळ आणि सायंकाळी मिळाले पाहिजे. कारण एक खाडा म्हणजे एका दिवसाची चूल. सांगितलेली गोष्ट गुप्त राहिली पाहिजे. तसेच रेशन, थकीत मजुरी व कर्ज यांबाबतची मदत त्याच ठिकाणी मिळाली पाहिजे.

आणि ऐकून घेणाऱ्यालाही वेतन हवे. ऑक्टोबर २०२० मध्ये, महामारीच्या ऐन काळात, याच हिंदूराव रुग्णालयातील डॉक्टरांना अनेक महिन्यांच्या थकीत पगारासाठी आंदोलन करावे लागले. सेवकांना उपाशी ठेवून सेवा चालत नाही. आशा सेविकांवर हे काम बिनमोल लादण्यास आपला विरोधच राहील.

२०२२ पासून १४४१६ हा सरकारी दूरध्वनी विनामूल्य उपलब्ध आहे. तो प्रत्येक युनियन कार्यालयात लावा. गप्प झालेल्या सहकाऱ्याचे उपदेश न करता ऐका, त्याच्यासोबत दवाखान्यात जा; आणि तेथे समुपदेशक नसेल, तर त्या जागेसाठी लढा उभारा.